पहिली फेरी

शेवटचा नट ज्यानं आवळला, पहिली फेरी

—

गॅरेज वडिलांचं होतं, आता थोरल्या लेकीचं. फळीवर एक जुना सिलिंडर पडून असे. त्याच्या आतल्या भिंतीवर एक उभा ओरखडा होता, नखानं ओढल्यासारखा, खाली जरा तिरका. वडिलांनी स्वतःच्याच मोटारसायकलची ताकद वाढवली होती. पहिल्याच फेरीत पिस्टन तापून फुगला, भिंतीला चिकटला, मागचं चाक जागीच अडकलं. गाडी दुरुस्त झाली. वडील नाही झाले.

त्याच गाडीवर आता तिच्या धाकट्या भावाला चढणीची शर्यत मारायची होती.

"ताकद हवी ताई, पण दगा नको."

"म्हणजे पोहायचंय, पण अंग भिजायला नको," थोरली म्हणाली.

तरी तिनं मनावर घेतलं. सिलिंडर आतून मोठा कापून घेतला, ठोकून घडवलेला दणकट पिस्टन आणला, तेल थंड राहावं म्हणून पुढे जाळी बसवली. राहता राहिली फट. पिस्टन आणि भिंत यांच्यामधली, केसाहून बारीक.

वडील म्हणायचे, धातूला अंग पसरायला जागा ठेव. आणि असला पिस्टन तर तापला की जास्तच फुगतो. तिला ठाऊक होतं.

"सैल ठेवलीस तर भांड्यांसारखी वाजेल," धाकटा म्हणाला. "लोक म्हणतील, बापाचा हात लेकीला आला नाही."

बोलणं वर्मी लागलं. तिनं फट जुन्या पिस्टनला असायची तेवढीच ठेवली.

—

तेवढीच.

—

त्या गॅरेजात उघडलेलं इंजिन संध्याकाळी कधी पुरतं जोडत नसत. एक नट नुसता बोटानं लावून ठेवायचा आणि सकाळी डोकं थंड असताना आवळायचा. ज्यानं आवळला त्यानंच गाडी आधी चालवायची. आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही, हा वडिलांचा दंडक.

तिनं नट बोटानं लावला, शटर ओढलं, कुलूप घातलं.

—

सकाळी शटर उचललं तर आतून ऊब आली. जळक्या तेलाचा वास. सायलेन्सरला हात लागला आणि चटका बसला. बाहेर रस्ता ठणठणीत कोरडा, टायरला मात्र ओला चिखल.

नट आवळलेला होता.

धाकटा दारात उभा. खिशातून पाना डोकावत होता.

"तू?"

"आवळणार होतो. खोटं कशाला बोलू? तुझ्याआधी येऊन गाडीवर बसायचं ठरवलं होतं. पण कुलूप तुझं, चावी तुझ्या उशाखाली. मी आत शिरणार कुठून, ताई?"

तिनं किकवर पाय दिला. किक जागची हलेना. सगळं वजन टाकलं, तरी नाही. पिस्टन भिंतीला चिकटला होता.

दोघांनी मिळून इंजिन उघडलं. नव्या भिंतीवर उभा ओरखडा होता. तिनं फळीवरचा सिलिंडर काढून शेजारी धरला. तीच जागा. खाली तसाच तिरका.

"मी बसलो असतो, तर…"

"बसला नाहीस," ती म्हणाली. मग हळूच, "फट माझी चुकली."

"आणि जीभ माझी."

—

भिंत पुन्हा कापून घेतली, पुढच्या मापाचा पिस्टन आणला, फट हवी तेवढी ठेवली. "वाजली तर वाजू दे," हे या खेपेला धाकटाच म्हणाला.

शेवटचा नट तिनं संध्याकाळवर ढकलला नाही. भर उजेडात बोटानं लावला आणि पाना घ्यायला मागे वळली. धाकटा तो पुढे करून उभाच होता. ती परत वळली, पाना लावला. नट आधीच निम्मा आवळलेला होता.

तिनं धाकट्याकडे पाहिलं. त्यानं दोन्ही हात वर केले.

उरलेलं तिनं आवळलं.

गार इंजिन खरंच भांड्यांसारखं वाजलं. तापत गेलं तसं गप्प होत गेलं, आणि मग नुसता एकसुरी, भरलेला आवाज राहिला.

"एकटीच जाणारेस?" धाकट्यानं विचारलं.

 ती पुढे सरकून पार टाकीला टेकून बसली, मागे एका माणसाची जागा ठेवून. निम्मा नट ज्यानं आवळला,

त्याची.