दोन्हीकडे सारखंच

वस्तू मोडली तरी चालेल, पण कार्यक्रम अडता कामा नये, ही सवय आपल्या सगळ्यांच्याच अंगवळणी पडली आहे. शालेय बास्केटबॉल सामन्यांचे मुख्य पंच तरी त्याला अपवाद कसे असणार? रिंग वाकडी असो की तिच्यामागचा फळा हलत असो, ते म्हणत, "दोन्ही संघांना सारखंच आहे ना? मग चालू द्या." मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, म्हणजे अडचण निम्मी-निम्मी वाटली गेली, असा त्यांचा हिशेब. मुलांनी त्यांचं नावच 'सारखंच सर' पाडलं होतं.

त्या दिवशी मुलींचा सामना होता. मैदान तपासताना सहपंच बाईंना दिसलं, की एका टोकाच्या लोखंडी खांबाला गादीच नाही. खांब रेषेला अगदी खेटून उभा. जोरात आलेल्या मुलीला सावरायला जागा नाही. मुख्याध्यापक म्हणाले, गादी शिवायला दिली आहे, प्रमुख पाहुणे येऊन बसलेत, तेवढं सांभाळून घ्या. बाईंनी हरकत घेतली. पण सरांनी आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं आणि सामना सुरू केला.

थोड्याच वेळात पाहुण्या संघातली एक शिडशिडीत मुलगी चेंडू घेऊन त्या खांबाकडे सुसाट निघाली. समोर कुणी नव्हतं. तरी रिंगपाशी पोहोचायच्या आतच तिने पाय आखडते घेतले, लांबूनच चेंडू टाकला आणि तो हुकला. पुढच्या वेळीही तेच झालं. तिच्या प्रशिक्षकांचा पारा चढला. त्यांनी सगळ्यांदेखत तिला भागूबाई म्हटलं, बाहेर बसवलं आणि निवड चाचणीच्या यादीतून तुझं नाव काढतो, असंही सुनावलं. ती मान खाली घालून बाकावर बसून राहिली. वर्षभर तिने त्याच चाचणीसाठी घाम गाळला होता.

मध्यंतरात बाई सरांजवळ आल्या.

"सर, मघाशी चेंडूसाठी तिने दोघींच्या पायांत झेप घेतली. ती मुलगी भित्री कशी असेल? तिला तो खांब दिसतोय, एवढंच."

"पण बाई, अडचण दोन्हीकडे सारखीच आहे ना?"

"संघांना सारखी असेल, मुलींना नाही. जी धीट आहे, तिचं डोकं फुटेल. जी शहाणी आहे, तिला भागूबाई म्हणतील. यात सारखं काय आहे, सांगा बरं?"

सर त्या खांबापाशी गेले आणि त्यांनी लोखंडावर तळहात ठेवला. आता दुसऱ्या संघाच्या मुली इकडे धावत येणार होत्या. सरांना मनापासून लाज वाटली.

चेंडू काखेत धरून त्यांनी जाहीर केलं, की खांब झाकल्याशिवाय खेळ होणार नाही. मुख्याध्यापक चिडले, पाहुणे खोळंबलेत, पुढच्या वेळी आम्ही दुसरे पंच बघू, म्हणाले. "जरूर बघा," सर शांतपणे म्हणाले, "पण आज इथे मी आहे."

अखेर व्यायामशाळेतल्या जाड सतरंज्या आणि गाद्या आणून शिक्षकांनी त्या खांबाला दोरीने आवळून बांधल्या. तोवर प्रमुख पाहुणे निघून गेले. सर त्या प्रशिक्षकांकडे गेले आणि मुलीच्या समोरच म्हणाले, "ती खेळात कमी पडली नाही. मी माझ्या कामात कमी पडलो. तिचं नाव काढू नका." मग प्रशिक्षकांनी तिला मैदानात जायला सांगितलं.

खेळ पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या संघाची एक मुलगी बेभान धावत आली, चेंडू रिंगमध्ये टाकला आणि वेग न आवरल्याने खांद्यासकट खांबावर आदळली. ती गाद्यांवरून घसरत खाली बसली, उठली, कपडे झटकले आणि हसत परत पळाली.

मंडळी, धोका सगळ्यांना सारखा वाटून दिला म्हणजे न्याय होत नाही. ज्याच्या हाती शिट्टी दिली आहे, त्याने ती खेळ थांबवण्यासाठीही फुंकली पाहिजे, आणि तीही कुणाला इजा होण्याआधी.