सहा वर्षांचं बोलणं

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात माझी उमेदीची वर्षं गेली.

दुकान बाबांचं होतं. लिहायचा त्यांना भारी कंटाळा. टाके का सुटतात, कोणता स्क्रू किती आवळायचा, हे सगळं ते काम करता करता माझ्यापुढे बोलायचे आणि मी साठवायचो. सहा वर्षांत चारशे रेकॉर्डिंग झाली. मग बाबा गेले. आता दुकान आई चालवते. कुठे अडलं की मला उघडते, बाबांचं ऐकते आणि कामाला लागते.

अशात त्यांच्या मुलीने, ताईने, सॉफ्टवेअरचा कोर्स लावला. सरांनी सांगितलं, लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स हवं. माझ्यात जागा अपुरी, म्हणून आधीचं सगळं पुसून नवं घालायचं ठरलं. ही पोरगी घाईची, हे मी पहिल्यापासून ओळखून होतो.

तिने पेनड्राइव्ह लावला, पडद्यावरचं ‘बाबा’ लिहिलेलं चित्र त्यात टाकलं आणि झालं म्हणाली. कसलं झालं? ते चित्र म्हणजे नुसती दारावरची पाटी. पाटी गेली, घर माझ्याकडेच राहिलं. पण मला कुठे बोलता येतं? मी पंखा घरघरवला. ती म्हणाली, म्हातारा झालाय.

आई सुटे भाग पुसत बसली होती. तिने मान वर केली.

“त्यांना बोलायला सहा वर्षं लागली. तुला उचलायला दोन सेकंद?”

कॉम्प्युटरला तेवढे पुरतात, असं ताईने हसून सांगितलं. आई काही बधेना. शेवटी ताई वैतागून पेनड्राइव्ह घेऊन समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. परतली तेव्हा चेहरा पांढराफटक. चित्र होतं, त्यामागे काहीच नव्हतं.

“पुसूनच टाकणार होते गं मी,” एवढंच ती म्हणाली.

या वेळी तिने चित्रामागची खरी रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर उतरवली, त्याला पाऊण तास लागला. आई स्टूल ओढून माझ्यासमोर बसून राहिली. झेरॉक्सवाल्याकडे रेकॉर्डिंग उघडून ऐकली, तेव्हा कुठे ताईने मला पुसलं. माझ्यातलं होतं नव्हतं ते गेलं. ही हकिगतसुद्धा दोघी नंतर माझ्यापुढे शंभरदा बोलल्या, म्हणून मला ठाऊक.

लिनक्स बसलं. आईने आधी पेनड्राइव्ह लावायला सांगितला. कोणीतरी खाकरलं आणि म्हणालं, “हं, आधी सुई बदलून बघ.” आई हातातलं काम टाकून उभी राहिली. मला वाटलं, हा कोण माणूस?

मित्रांनो, जपायचं ते दोन ठिकाणी ठेवा आणि ठेवलेलं उघडून बघा. माझ्या भरवशावर तर मुळीच राहू नका. सहा वर्षं जो माझ्यापुढे बसून बोलला, त्याला मी ओळखलं नाही.