सदस्य क्रमांक दोन

माईंचं एकच व्रत होतं. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत खोटा शब्द तोंडातून काढायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण करून पाहिलं की कळतं. अर्धा दिवस गप्प बसण्यात जातो. म्हणूनच माई फार कमी बोलतात आणि बोलल्या तरी हळू बोलतात, असं लोक म्हणत. खरं बोलणारी बाई मोठ्याने बोलायला लागली तर शेजार राहील का?

अण्णांचं व्रत पगारी होतं. वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक. बाजारातल्या प्रत्येक तराजूपुढे उकिडवं बसायचं, दोन्ही पारड्यांत खात्याची वजनं ठेवायची, काटा मधोमध थांबला की "मापात आहे" म्हणायचं आणि शिक्का मारायचा. नाही थांबला तर तराजू जप्त. मग दुकानदार कुणाचाही मेहुणा असो. खोट्या तराजूवर त्यांनी एकदाही शिक्का मारला नाही, हे त्यांच्या निवृत्तीच्या भाषणात तिघांनी सांगितलं आणि नंतर जन्मभर ते स्वतः सांगत राहिले. निवृत्तीनंतर तराजू सुटले, तपासणी सुटली नाही. बाजार हाताशी नव्हता, म्हणून घर तपासायला घेतलं.

अशात सरकारने सगळ्यांचे अंगठे मागवले. कशाला, हे कुणी विचारलं नाही, कारण रांग फार लांब होती, आणि रांगेतल्या माणसाला आपण पुढे कधी सरकणार एवढंच सुचतं. पत्रकात लिहिलं होतं, 'आता आपली ओळख आपल्याला सांगत बसावी लागणार नाही.' ते मात्र शब्दशः खरं निघालं. इथून पुढे ती परस्परच सगळ्यांना कळणार होती.

नोंदणीच्या अर्जात प्रत्येकाच्या मोबाइलसाठी वेगळा रकाना होता. माईंकडे फोन होता, सुनेकडे होता, बाहेरगावी नोकरी करणाऱ्या मुलाकडे तर दोन होते. अण्णांनी चारही रकान्यांत आपलाच नंबर घातला. एका दुकानाला एकच परवाना, ही खात्यातली शिस्त. अक्षरही असं सुबक, की शिबिरातल्या माणसाने तो अर्ज उचलून बाकीच्यांना नमुना म्हणून दाखवला. घरात सदस्य क्रमांक एक ते चार ठरले. एक कोण, हे सांगायला नको.

त्या दिवसापासून घरातलं कुणी कुठेही अंगठा टेकवला की अण्णांच्या खिशात टिंग वाजायचं. जेवायला बसल्यावर ते दिवसभराची टिंगं वाचून दाखवत.

"सदस्य क्रमांक चार, दुपारी तीन वाजून बारा मिनिटं, औषधाचं दुकान. काय आणलंस गं?"

सूनबाई ताटाकडे बघत राहिली.

"अहो, बायकांचं महिन्याचं असतं काही," माई म्हणाल्या.

"मग तसं सांगायचं. लपवण्यासारखं काय आहे? ज्याला काही लपवायचं नाही त्याला भीती कसली?"

हे वाक्य त्यांनी पत्रकातून पाठ केलं होतं. स्वतः मात्र न्हाणीघरात जाताना ते अजून दोनदा कडी तपासत.

नंबर बदलता येतो का, हे माईंनी एकदा विचारून पाहिलं होतं. येतो की. कुटुंबप्रमुखाची संमती लागते, आणि तसा मेसेज कुटुंबप्रमुखाला जातो.

माई रोज पहाटे देवासमोर बसायच्या. त्या दिवसांत एक विचार त्यांना सारखा यायचा. देवालाही सगळं दिसतं. कोण कुठे गेलं, कशाला गेलं, काय घेऊन आलं. पण इतक्या वर्षांत त्याने कधी कुणाच्या घरी कळवलं नाही.

सूनबाईचं काय बिनसलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सात महिन्यांपूर्वी तिचं बाळ पोटातच गेलं. पंधरा दिवस येणंजाणं झालं, नवरा आला, राहिला, कामावर परतला, आणि मग घराने ठरवलं की विषय संपला. सूनबाईलाही तसं कळवण्यात आलं. ती बालवाडीत शिकवायची. सकाळी तिथे जायची, मुलांत हसायची, गाणी म्हणायची. घरी आली की मात्र कुणीतरी किल्ली काढून घेतल्यासारखी व्हायची. वेळी-अवेळी, रात्रीसुद्धा, मोरीत नळ सोडून उभी राहायची. हातात भांडं नाही, कपडा नाही. नुसतं पाणी वाहायचं आणि ती बघत राहायची. अण्णा येऊन नळ बंद करत आणि पाण्याच्या मापावर चार शब्द सुनावत.

एका दुपारी माईंनीच तिला धरून बाजेवर बसवलं.

"मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाई आहेत. मंगळवारी बसतात. जाऊ या."

"नको माई."

"का गं?"

"तिथे अंगठा लागतो."

"अण्णांचं मी बघते."

"अण्णांचं नाही हो. बालवाडीचं." सूनबाई म्हणाली. "अंगठ्यामागे सरकारदरबारी जे शेरे साठतात, ते आमचे सगळ्यांचे दर सहा महिन्यांनी उतरवून घेतात. आधीच्या बाई आठवतात? झोप लागत नाही म्हणून एकदाच दाखवून आल्या होत्या. शेऱ्यात 'मनोविकार विभाग' आलं. मोठ्या बाईंनी त्यांना फार प्रेमाने निरोप दिला. फूल दिलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मुलांच्या सुरक्षिततेसाठी, म्हणाल्या." मग ती म्हणाली, "माई, ती मुलं गेली तर मी काय करू?"

 सगळं ठीक होईल म्हणायचं माईंच्या तोंडावर आलं होतं, पण ते खरं आहे की नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

मंगळवारी दोघी दवाखान्यात गेल्या. लांबलचक बोळ, भिंतीला टेकून बाकं, टोकाला काचेची खिडकी. खिडकीत एक मुलगी आणि तिच्यापुढे काडेपेटीएवढं यंत्र. यंत्रावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'आपली माहिती गोपनीय आहे.' आणि शेजारचा संगणकाचा पडदा असा बाहेर वळवलेला, की बाकावरच्या शेवटच्या माणसालाही सगळ्यांची गोपनीय माहिती नीट वाचता यावी.

"पेशंट कोण?" मुलीने मान वर न करता विचारलं.

सूनबाईचा हात पदराखाली घट्ट मिटलेला होता. माईंनी पुढे होऊन आपला अंगठा यंत्रावर टेकवला.

"तुम्ही का?"

"बघा ना, यंत्र काय म्हणतंय."

"स्त्री, एकसष्ट, सदस्य क्रमांक दोन." मुलीने एकदाच वर पाहिलं. "तुम्हीच."

"अंगठा ज्याचा त्याचंच दाखवतं ना ते?"

"मग काय. आणि या?"

"माझी सून. हिला आत येता येईल?"

"येऊ दे. सोबतच्या माणसाचा अंगठा लागत नाही."

एवढी मोठी योजना, इतके हुशार लोक, आणि सोबतच्या माणसाचा कुणी विचारच केला नव्हता. माणूस दवाखान्यात एकटाच जातो, असं त्यांना वाटलं असावं.

आत डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. वय एकसष्ट. मग समोर पाहिलं. एकसष्ट वर्षांची बाई खुर्ची खिडकीकडे वळवून डोळे मिटून बसली होती, आणि दुसरी, सोबतची, खुर्चीत बसायच्या आधीच रडायला लागली होती.

"हे... कागदावर माझं..." सूनबाई कशीबशी म्हणाली.

"यंत्रात कोण आहे ते यंत्र बघेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर कोण बसलंय ते मला दिसतंय. गोळ्या मी देत नाहीये. दर मंगळवारी यायचं आणि बोलायचं. बस तू."

खिडकीकडे तोंड करून माई देवाशी बोलत होत्या. जिभेचं व्रत होतं, अंगठ्याचं नव्हतं, असं त्यांनी त्याला सांगितलं. ही पळवाट आहे हे त्यांनाही कळत होतं. देवालाही कळलं असेल. पण बोलला नाही.

संध्याकाळी पानावर बसून अण्णांनी चष्मा लावला. "सदस्य क्रमांक दोन, चार वाजून दहा मिनिटं, मोठा दवाखाना, मनो..." आणि थांबले. मेसेज अर्धा सोडण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

"अगं, यंत्राचं काहीतरी चुकलेलं दिसतंय."

"यंत्र चुकत नाही, असं परवा समोरच्या काकूंना तुम्हीच सांगत होतात."

"म्हणजे तू गेली होतीस तिथे?"

"गेले होते."

"कशाला?"

"रात्री मोरीतला नळ वाजतो. मला झोप येत नाही."

शब्द न् शब्द खरा होता. अण्णांनी सुनेकडे पाहिलं. सून ताटाकडे बघत होती. मग चष्मा काढून ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून माईंचे लाड सुरू झाले. अण्णा स्वतः चहा करायला लागले. आवाज खाली आला. सुऱ्या, कात्र्या, अगदी किसणीसुद्धा त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवली. तिथे फक्त त्यांचाच हात पोचायचा, त्यामुळे भाजी चिरायची वेळ झाली की पेपर टाकून त्यांना उठावं लागे. चाळीस वर्षं शहाण्या असताना माईंना जे मिळालं नव्हतं, ते शेरा बसल्याबरोबर मिळालं.

अण्णांनी बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. तशी गरजही नव्हती. दोन-तीन मंगळवार झाल्यावर माई खोकल्याचं औषध आणायला गेल्या, अंगठा टेकवला, दुकानदाराने पडद्यावरचा शेरा वाचला आणि बाटली दोन हातांनी, जपून, लांबूनच पुढे सरकवली. तासाभरात समोरच्या काकू बघायला आल्या.

"मी म्हटलं बघून यावं. काही त्रास तर देत नाहीत ना हो त्या?" त्यांनी अण्णांना विचारलं, माईंच्या देखत.

"मी इथेच आहे काकू," माई म्हणाल्या.

"बघा, बोलतात पण किती छान." काकूंनी मान डोलावली. "आणि सून पण किती गुणाची. दर मंगळवारी सासूला घेऊन जाते. आजकाल कोण करतं?"

सूनबाई पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिला हसू फुटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा या घरात.

मग वाचनालयाचे चिटणीस आले. वाचनालयाची सकाळची किल्ली नऊ वर्षं माईंकडे असायची. सातला दार उघडायचं, पेपर लावायचे आणि फाटकी पुस्तकं खळ लावून चिकटवायची, एवढंच काम. पण माईंच्या दिवसाला त्याचा कणा होता.

"तुम्हाला विश्रांती हवी, असं समितीचं मत पडलं," चिटणीस जमिनीकडे बघत म्हणाले. "आमचं काही नाही हो. पण सभासदांनी हजेरीच्या पडद्यावर शेरा बघितला. उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"पुस्तकांना काय होणार आहे?"

"तसं नाही... सुरक्षिततेसाठी."

माईंनी कमरेची किल्ली सोडून दिली. ते नुसतं लोखंड जाताना एवढं जड जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. आठवड्याने चिटणिसांनी फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा गुपचूप घरी पोचवला. माईंनी लावलेली पानं घट्ट बसतात, दुसऱ्या कुणाला जमत नाही, म्हणाले. पुस्तकांच्या बाबतीत समितीची हरकत नव्हती.

असे अकरा मंगळवार झाले.

त्या रात्री अण्णा हातात टॉर्च घेऊन मोरीपाशी उभे होते. माई उठून आल्या.

"काय झालं?"

"नळ," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "तीन आठवडे झाले. वाहत नाही. मी रोज उठून बघतो."

"चांगलं झालं की."

अण्णांनी टॉर्च विझवली. "खात्यात असताना मी खूप तराजू बघितले. एका पारड्यात वजन टाकलं आणि हललं भलतंच पारडं, असा तराजू नाही बघितला."  "तू आहेस तशीच आहेस. पहिल्यापासून आहेस तशीच. उतार मात्र पडतोय."

 आपण विचारलं तर ही खरंच सांगेल, हे अण्णांना चाळीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. म्हणून त्यांनी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा समोर आलेला काटा न तपासता ते झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी पेपर वाचता वाचता त्यांनी फोनचं टिंग बंद केलं, आणि ते कसं करायचं हे सुनेलाच विचारलं.

गोष्ट इथे संपली असती. पण योजनेची पडताळणी निघाली. मंगळवारी दुपारी दोघी चपला घालत असताना अण्णांच्या फोनवर मोठा मेसेज आला. ते तो दारातच वाचायला लागले. एकसष्टाव्या वर्षी नव्याने विकार, औषध नाही, आणि सोबत त्याच घरातली सदस्य, जी बालवाडीत कामाला. कुणीतरी बोळातला कॅमेरा बघितला असावा. 'विसंगती आढळली आहे. उपचार घेणारी व्यक्ती सदस्य क्रमांक दोन हीच आहे, याची कुटुंबप्रमुखाने अंगठा देऊन खातरजमा करावी. होय किंवा नाही. खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे.'

सूनबाईच्या हातातली चप्पल हातातच राहिली. 'नाही' म्हटलं तर शेरा तिच्या नावावर जाणार, आणि बालवाडीची यादी पुढच्याच आठवड्यात उतरणार होती. 'होय' म्हटलं तर माईंच्या नावावर तो कायमचा. किल्ली आता परत येणार नाही, हे माईंना तिथल्या तिथे समजलं.

"अण्णा," सूनबाई म्हणाली, "मी सांगते. हे सगळं माझ्यामुळे..."

"तुला कुणी काही विचारलंय का?" अण्णा म्हणाले. मेसेज त्यांनी पुन्हा वाचला, सगळा, शेवटच्या ओळीसकट. मग उगाचच, जुन्या सवयीने, ओसरीच्या पायरीवर उकिडवे बसले. चष्मा पुसला. अंगठाही धोतराला पुसला. माई त्यांच्याकडे बघत होत्या. खोट्या तराजूवर एकदाही शिक्का न मारलेला तो अंगठा होता.

त्यांनी 'होय' वर टेकवला आणि घट्ट धरून ठेवला. हिरवी खूण उमटली.

"मापात आहे," अण्णा म्हणाले आणि फोन खिशात घातला. "निघा आता. चारची वेळ आहे ना तिची?"

माईंनी मान हलवली आणि सुनेचा हात धरून पायरी उतरल्या.