दुरडीतली चतकोर

मी दुरडी बोलतेय. बांबूची, हातभर घेराची, पाली गावच्या मोहनरावांच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या फळीवर बसलेली. माझ्या काठाचा एक तुकडा उडालाय आणि तिथं तांब्याची तार गुंडाळलीय. ती तार कशी आली ते सांगायचं म्हणून तोंड उघडलंय, नाहीतर पन्नास वर्षं मी गप्पच होते. गप्प राहिले हाच माझा गुन्हा, असं आताशा वाटतं.

बीडच्या बाजारात एका बुरडानं मला विणलं. मोहनरावांच्या मायनं, केशरबाईनं, मला उचललं, तळाला अंगठा दाबून पाहिला आणि घासाघीस न करता घेतलं. दरसाल दिवाळी झाली की भिजवलेली मेथी आणि रद्दी कागदाचा लगदा करून ती मला आतून-बाहेरून लिंपायची. माझं आयुष्य लांबलं ते त्या मेथीमुळे. माझ्या वयाच्या दुरड्या कधीच बंबात गेल्या.

मी घरात आले आणि दुसऱ्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. ज्वारी नव्हतीच. रेशनवर सरकारी मिलो यायचा, परदेशी लालसर धान्य, त्याची भाकरी थापताना फाटायची. केशरबाई दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी एक भाकरी करायची. तिच्यातला घरधन्याचा वाटा गेला की माझ्यात एक चतकोर उरायची. केशरबाई ती सहा वर्षांच्या मोहनपुढं ठेवायची.

"माय, तू?" पोरगं विचारायचं.

"तू खा. माजं झालंय."

पोरगं खाऊन उठलं की ती भिंतीकडं तोंड करून मला मांडीवर घ्यायची आणि माझ्या तळावरून बोटं फिरवायची. पिठाचे, भाकरीचे कण बोटाला चिकटायचे, ते ती चाटायची. एकदा मोहननं दारातून ते पाहिलं. त्या दिवशी त्याला कळलं, मायचं काहीच झालेलं नव्हतं.

पुढं पाऊस झाला, घर सावरलं. तेव्हापासून केशरबाईनं नेम धरला, दुरडी रिकामी ठेवायची नाही. सगळे जेवले तरी एक चतकोर माझ्यात फडक्यात गुंडाळून राहायची आणि दुसऱ्या दिवशी गाईला जायची. आमच्याकडं हे घरोघरी करतात, पण केशरबाईसारखं घाबरून कुणी करत नसेल. नऊ वर्षांपूर्वी ती गेली. सून तुळजाबाईनं नेम चालू ठेवला.

गेल्या भादव्यात मोहनरावांच्या पायाला ठेच लागली आणि महिना झाला तरी जखम भरेना. बीडला रक्त तपासलं, साखर निघाली. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळी दिली आणि सांगितलं, एका वेळेला अर्धीच भाकरी खा, पंधरा दिवसांनी या, मग गोळीचं बघू. हे सगळं मला ठाऊक आहे, कारण या घरात जे काही ठरतं ते स्वयंपाकघरातच ठरतं.

मोहनरावांची सून स्वप्नाली गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरगी मायाळू, पण भ्यालेली. तिच्या वडिलांचा पाय साखरेनं मांडीपासून काढावा लागला होता.

"अर्ध्या भाकरीनं काय होतंय मामा? बंदच करू," ती म्हणाली. "मी माझ्या अण्णांचे हाल बघितलेत. तुमचे न्हाई बघायचे मला."

तिच्या नवऱ्यानं, म्हणजे सुरजनं, मोबाईलवर कुणा शहाण्याचं भाषण लावलं. तो शहाणा सांगत होता, भाकरी बंद, भात बंद, गूळ बंद. तिनं कागदावर तक्ता लिहून फ्रिजला चिकटवला. अंडी, पनीर, मोडाचे मूग, काकडी, मेथीची भाजी. मामांना वास यायला नको म्हणून घरात भाकरी थापणंच बंद झालं. सुरज बीडला दुकानात कामाला, तो तिकडंच जेवायचा. तुळजाबाई शेतात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या झोपडीपाशी, तीन दगडांवर स्वतःपुरती भाकरी करून घ्यायची. मला स्वच्छ धुऊन, पुसून फळीवर ठेवलं. त्या दुष्काळानंतर पहिल्यांदा मी रिकामी राहिले.

तब्येतीला गुण आला हे कबूल करायला हवं. दर रविवारी सुरज बापाला लॅबमध्ये न्यायचा आणि स्वप्नाली आकडा लाल पेननं तक्त्यावर लिहायची. दोनशे ऐंशी, दोनशे, एकशे चाळीस, एकशे दहा. आकडा उतरतोय म्हटल्यावर डॉक्टरकडं कशाला जायचं? कुणी गेलंच नाही. गोळी मात्र होती तीच, दोन वेळा, न चुकता. तीसुद्धा स्वप्नालीच हातावर ठेवायची.

पण मोहनरावांची भूक वाढली. दोन भाकरी खाणारा हा माणूस पूर्वी दिवस मावळेपर्यंत जेवणाचं नाव काढायचा नाही. आता ताटभर खायचा आणि तासाभरात ओट्यापाशी येऊन उभा राहायचा.

"पोट भरतंय पोरी, पर भूक न्हाई जात," तो म्हणाला. "आधी अशी न्हवती. ही लई येगळी भूक हाय."

"सुरुवातीला असंच होतंय मामा, त्या मोबाईलवाल्यानं सांगितलंय. शरीर सवयीचं मागतं. मागू द्यायचं, ध्यान द्यायचं न्हाई."

पोरगी आपल्यासाठी जिवाचं रान करतेय, हे त्याला दिसत होतं. तो मान हलवून निघून जायचा.

दुपारी घरात कुणी नसायचं. तुळजाबाई कापूस वेचायला, सुरज बीडला, स्वप्नाली अंगणवाडीत. बारा वाजले की तो यायचा. कपाळाला घाम, हात थरथरत. मला फळीवरून खाली घ्यायचा आणि माझ्या रिकाम्या तळावरून बोटं फिरवायचा.

पहिल्या दिवशी मी दचकले. ती बोटं मी ओळखत होते. त्याच गतीनं, कडेपासून मध्याकडं, कण गोळा करत फिरणारी. माझ्यात कण कुठले? तरीही ती फिरत राहिली. हात मोहनरावाचा होता, हे मला दिसत होतं. पण तळाला जे लागत होतं ते केशरबाईचं होतं.

"माय," तो हळू आवाजात म्हणाला, "ही भूक तुजी हाय का माजी?"

मी भूत पाहिलं का, असं विचाराल तर खरं सांगते, मला माहीत नाही. बारा वाजता घर सुनसान असतं, मांजरही सावलीला गेलेलं असतं. अशा वेळी एक उपाशी बाई घरात फिरत असेल तर ती रिकाम्या दुरडीजवळच येणार. मूठभर शेंगदाणे खाऊन तो भिंतीला टेकून बसायचा, अर्ध्यापाऊण तासानं थरथर थांबायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अखेर त्यानं तुळजाबाईला सांगितलं.

"माय येती. दुपारची. काल बी आलती."

तुळजाबाईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "काय म्हणती?"

"म्हणती काय? उपाशी हाय. मला घाम फुटतो, हातपाय लटलट कापतात, पोटात आग पडती. ती माजी भूक न्हाई तुळजे. मी तर जेवलेला असतो. दुरडी रिकामी केली न्हवं आपण."

"आवो, पोरीला सांगावं का?"

"नको. तिला वाटंल, बाप्या भाकरीसाठी सोंग करतोय."

त्याच संध्याकाळी तुळजाबाईनं आखाड्यावरून ज्वारीची एक चतकोर पदराआड आणली, फडक्यात गुंडाळून माझ्यात ठेवली आणि हात जोडले. "आत्याबाई, ही तुमची. आता त्येंच्या मागं लागू नका."

मग नवऱ्याला बजावलं, "तुमी हात लावायचा न्हाई. त्येंचा वाटा हाय."

"मी कावून लावीन?" तो म्हणाला. "जलमभर तिचाच खाल्लाय."

मला वाटलं, सुटलो. माझं पोट भरलं होतं. फडक्यातून ज्वारीचा वास येत होता. पण भूक काही गेली नाही, उलट वाढली. मोहनराव बाराला यायचा, फडकं उघडायचा, चतकोर जागेवर आहे हे पाहायचा आणि पुन्हा झाकायचा. "मिळतंय की गं तुला. मग अजून कावून येतीस?" एवढं विचारून शेंगदाण्याचा डबा शोधायचा.

मार्गशीर्षातली ती दुपार. सकाळची गोळी घेऊन, दोन अंडी आणि काकडी खाऊन तो शेळ्यांसाठी पाला तोडायला गेला होता. परतला तेव्हा थंडीच्या दिवसांतही सदरा अंगाला चिकटला होता. पाय ओढत ओट्यापाशी आला. शेंगदाण्याचा डबा त्याला दिसेना, समोर होता तरी. त्यानं मला खाली ओढलं, फडकं सोडलं आणि चतकोर उचलली.

खा, मी म्हणत होते. अरे खा, मोहन. बांबूला आवाज असता तर घर दणाणलं असतं. भाकरी त्याच्या ओठाला लागली. ओठ हलले. मग त्यानं ती सावकाश खाली घेतली आणि पुन्हा माझ्यात ठेवली.

"तू खा, माय," तो म्हणाला. "माजं झालंय."

आणि पडला. पडताना माझा काठ त्याच्या बोटांत होता. तो तुकडा तेव्हा उडाला. मी उलटी झाले, चतकोर फरशीवर त्याच्या हाताशी जाऊन पडली. त्याचे डोळे उघडे होते. किती वेळ गेला ते मला मोजता येत नाही, पण दारातलं ऊन उंबऱ्यावरून ओट्यापर्यंत आलं.

दोनच्या सुमाराला स्वप्नाली आली. तिनं आधी सासऱ्याला पाहिलं, मग हाताजवळची भाकरी.

"मामा, काय केलं हे?" तिला रडू फुटलं. सुरजला फोन लावला. "मामांनी चोरून भाकरी खाल्ली. शुगर वाढली, पडलेत. जीप बघा लवकर."

शेजारचे त्रिंबकराव जीप घेऊन धावत आले. मोहनरावांचे ओठ हलत होते, ते पाहून म्हणाले, "पोरी, जरा गूळपाणी पाजतो. लई घाम आलाय गड्याला."

"नको, नको काका. गोड तर इखच हाय त्येंना."

त्रिंबकरावांनी हातात घेतलेला तांब्या परत ओट्यावर ठेवला. सगळे गेले. तो तांब्या आणि मी, आम्ही दोघंच मागं राहिलो.

रात्रभर कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजाबाई आणि स्वप्नाली कपडे न्यायला आल्या. स्वप्नाली ओट्याला धरून उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली.

"शुगर वाढली न्हवतीच आत्या. पार खाली गेलती. डॉक्टरांनी इचारलं, गोळी तीच ठेवून भाकरी कुणी बंद केली? ती भूक लागायची, हात कापायचे, ती साखर उतरल्याची खूण होती म्हणले. चमचाभर साखर दिली असती तरी भागलं असतं. अन् मी तिथं बी सांगत बसले, भाकरी खाल्ली, भाकरी खाल्ली."

तुळजाबाई खाली बसली. कोपऱ्यात ती चतकोर पडली होती. तिनं ती उचलली, उजेडात धरली, कडेकडेनं बोट फिरवून पाहिली.

"हिला दात सुदिक लागला न्हाई," ती म्हणाली.

"हात लावू नका म्हणून मीच बोलले गं," एवढं तुळजाबाईच्या तोंडून निघालं. स्वप्नालीनं फ्रिजवरचा तक्ता काढला, पण फाडला नाही. घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. दोघींनी एकमेकींना बोल लावला नाही, आणि आजतागायत लावलेला नाही.

मोहनराव तीन आठवड्यांनी घरी आले. चालतात, जेवतात. पण मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही, त्यात काही मागं राहून गेलं. सुरजला कधी ओळखतात, कधी त्रिंबक म्हणून हाक मारतात. गोळी बदललीय, दर पंधरा दिवसांनी डॉक्टरकडं नेतात, दोन्ही वेळा अर्धी भाकरी असते. ती स्वप्नालीच थापते. थापताना तिचे डोळे परातीतून वर येत नाहीत.

बारा वाजता मात्र ते अजून फळीखाली येतात आणि हात वर करतात.

"माय, तू जेवलीस का?" तुळजाबाईला विचारतात.

पहिले काही दिवस ती सांगायची, "आवो, मी तुळजा हाय." ते ऐकायचे आणि भाकरीला हात लावायचे नाहीत. ताट तसंच राहायचं. पुन्हा घाम फुटेल या धास्तीनं दोघी बायका रडकुंडीला यायच्या.

मग एके दिवशी तुळजाबाईनं मला खाली घेतलं, माझ्यातली चतकोर काढली, त्यांच्या हातात दिली आणि भिंतीकडं तोंड केलं. चाळीस वर्षं ज्याला तिनं तुमी म्हटलं, त्याला म्हणाली, "तू खा. माजं झालंय."

त्यांनी खाल्ली. सगळी खाल्ली.

आता रोज असंच चालतं. माझा काठ मोडला तेव्हा तुळजाबाई मला बंबात घालणार होती, पण स्वप्नालीनं तार गुंडाळली आणि मेथीनं लिंपलं. माझे थोडेच दिवस उरलेत. तेवढ्यात एकच विनवणी करते. मला रिकामी ठेवायची नसेल तर ठेवू नका, चांगला नेम आहे तो. पण माझ्यातल्या भाकरीवर मेलेल्या माणसाचं नाव घालू नका. जो थरथरत समोर उभा आहे, ती त्याची. आणि कुणी म्हणालं, माझं झालंय, तर लगेच खरं मानू नका.

खाऊन झालं की मोहनराव मला मांडीवर घेतात. बोटं कडेपासून मध्याकडं फिरतात, कण गोळा करत. तो हात कुणाचा, हे ओळखायचं मी आता सोडून दिलंय.