पुसलेले डोळे

कागदाची ती पट्टी आगपेटीतल्या काडीपेक्षा थोडीशीच रुंद असते. तिचे टोक दुमडून कुत्र्याच्या खालच्या पापणीत अडकवतात आणि मिनिटभर थांबतात. डोळ्यातले पाणी पट्टीवरून हळूहळू पुढे सरकते. निरोगी कुत्र्याची पट्टी निम्म्याच्या आसपास भिजते. माझी पहिली पट्टी टोकाशीच जेमतेम ओलसर झाली होती.

मी एक जुना कुत्रा आहे. नाव बटण. मित्रांनो, अशा गोष्टीत 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. एरवी दोन पायांच्या प्राण्यांशी माझे फारसे पटत नाही. का पटत नाही, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म कुठे झाला, ते मला ठाऊक नाही. कपडे धुलाईच्या दुकानाच्या मालकाने मला कोटाच्या खिशात घालून आणले. माझे डोळे काळे, वाटोळे आणि चकचकीत होते, म्हणून मी बटण. दुकानात पुढे काउंटर, मधे वाफेच्या इस्त्रीचे टेबल आणि मागे धुलाईचे यंत्र. मी काउंटरखाली बसायचो आणि गिऱ्हाइकाला वासावरून ओळखून शेपूट हलवायचो. "पावती हरवली तरी चालेल, बटणनं ओळखलंय तुम्हाला," असे मालक म्हणायचे. माझ्या आयुष्यातले कौतुक ते एवढेच, पण पोटभर होते.

मालक गेले. इस्त्री त्यांच्या मुलीकडे, म्हणजे ताईकडे आली, यंत्र तिच्या धाकट्या भावाकडे आणि मी दोघांकडे. दोघांचे काहीतरी बिनसले आणि त्यांनी एकमेकांशी बोलणे टाकले. पण एका छपराखाली दुकान चालवायचे तर बोलावे लागतेच. मग ते माझ्यामार्फत बोलू लागले.

"बटण, सांग तुझ्या ताईला, काळा कोट अजून ओला आहे."

"बटण, त्याला म्हणावं, यंत्र पिळत नसेल तर हातानं पीळ. तेवढंच काम होईल हातून."

"बटण, विचार तिला, इस्त्री कपड्यांवर फिरवते की माणसांवर?"

मी कोणालाच काही सांगत नसे. मी गुरगुरायचो. दोघांनाही वाटायचे, मी आपल्याच बाजूने गुरगुरतो.

मग माझे डोळे बिघडले. सकाळी पापण्या पिवळ्या चिकट द्रवाने चिकटलेल्या असत. उघडल्या की आत वाळू गेल्यासारखे खुपायचे. दोघे मला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी ती पहिली पट्टी लावली.

"डोळे गळतात म्हणून पाणी जास्त आहे, असं वाटतं ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "उलट आहे. अश्रू कमी पडलेत, म्हणून हा चिकटा साचतो. शरीराचे रक्षकच अश्रूंच्या ग्रंथीवर तुटून पडलेत."

घरातल्यांनीच घरातल्यांवर तुटून पडायचे, हे मला लगेच समजले. मी तशाच दुकानात राहतो.

डॉक्टरबाईंनी औषध दिले. "यानं अश्रू वाढले नाहीत, तर मूलपेशींचा, म्हणजे स्टेम सेल्सचा, उपचार आहे. निरोगी कुत्र्याच्या चरबीतून काढून वाढवलेल्या मूलपेशी अश्रुग्रंथीजवळ टोचतात. त्या हल्ला शांत करतात, असं दिसतंय. उपचार नवा आहे, हमी देणार नाही. आणि संमती दोघांची लागेल." भावाने लगेच मान डोलावली.

बाहेर पडताना भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "बघ बटण, लोकांच्या कपड्यांचे डाग काढते आणि तुला असं बरबटलेलं हिंडवते."

ताईने माझी साखळी ओढली आणि ती चालू लागली. डाग दिसेल अशी वस्तू काउंटरवर ठेवायची नाही, हा तिच्या वडिलांचा नियम होता, आणि तो तिच्या हाडात मुरलेला होता. पुढच्या खेपेला भाऊ आत नंबर लावायला गेला, तेव्हा तिने मला दवाखान्याच्या जिन्यामागे नेले. पिशवीतून मिठाच्या पाण्याची बाटली आणि कापूस काढून माझे डोळे धू धू धुतले. मग आत नेले.

पट्टी निम्म्याच्याही पुढे भिजली.

"वा! औषध लागू पडतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"ऐकलंस ना बटण?" ताई म्हणाली. "सुया टोचायची घाई झाली होती कोणाला तरी."

त्यानंतर दर खेपेला हेच. दर खेपेला पट्टी ओली, दर खेपेला उपचाराचा निर्णय पुढे. इकडे माझ्या डोळ्यांवर तपकिरी थर चढत होता. मी इस्त्रीच्या टेबलाच्या पायावर आपटू लागलो. गिऱ्हाइके हसायची. एकदा जिन्यामागे मी ताईच्या हाताला चावलो. तिने फडके गुंडाळले आणि त्याच हाताने दुसरा डोळा धुतला.

शेवटी डॉक्टरबाईंनी भिंगाचा दिवा लावून पुष्कळ वेळ पाहिले. "जुळत नाही. पट्टी ओली आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा खरखरीत. येण्याआधी डोळ्यांत काही घातलंत?"

"छे," ताई म्हणाली.

मला दिसत कमी होते, पण नाक शाबूत होते. मी तिच्या पिशवीत दात रोवले आणि ती ओढली. बाटली फरशीवर घरंगळली. मागोमाग ओला कापूस.

"म्हणजे मी तुमच्या बाटलीतलं पाणी मोजत होते," डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "आणि त्यालाच औषधाचं यश म्हणत होते! उद्या आणा. आहे तसा आणा."

भाऊ परतताना काहीच बोलला नाही. माझ्याशीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बाकावर शेजारी मांजर घेऊन एक बाई बसल्या होत्या. "अहो, डोळे तरी पुसा बिचाऱ्याचे! बघवत नाही."

ताईचा हात पदराकडे गेला आणि थांबला. "नाही पुसायचे," ती दातओठ खात म्हणाली.

पट्टी टोकाशीच अडली. डॉक्टरबाईंनी पुन्हा दिवा लावला. "बुबुळाच्या कडेला डोळ्याच्या स्वतःच्या मूलपेशी असतात. पडद्याचं आवरण झिजलं की त्या नवं घडवतात. कड अजून टिकलेली दिसते. तीही गेली, तर नजर गेली. औषध हरलंय. टोचायचं की नाही, आज ठरवा."

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. मुक्या जिवाला डॉक्टरकडे न्याल, तेव्हा त्याला सजवून नेऊ नका. आमचे दुखणे आम्हाला सांगता येत नाही. ते निदान दिसू तरी द्या. आणि तुमची भांडणे आमच्या पाठीवर लादू नका.

भावाने माझ्या मानेवर हात ठेवला. "बटण, विचार तिला..."

"त्याला काय विचारतोस?" ताई कडाडली. "तो कुत्रा आहे! मी तुझी बहीण आहे. मला विचार."

भावाने माझ्या मानेवरचा हात काढला आणि तो ताईकडे वळला. तो म्हणाला, "ताई, टोचायच्या का मूलपेशी?"

"टोचायच्या," ताई म्हणाली.