शिकवणीची गाडी

स्ताइकोने शेजारच्या सीटपुढची मॅट उचकटली, आत टॉर्च मारली आणि तसाच वाकल्या वाकल्या हसला.

"मास्तर, इथे पेडलं होती की हो!"

मेतोदीने कपाळावरचा घाम पुसला. जुन्या गाड्यांच्या त्या आवारात ऊन भाजून काढत होतं. गाडी चालवायला शिकवणारा हा मास्तर आपलं याम्बोल गाव सोडून मुद्दाम गाडी विकायला स्लिव्हेनच्या या दलालाकडे आला होता, कारण याम्बोलमध्ये ही गाडी कसली आहे ते लपणं शक्यच नव्हतं. निम्मं गाव तिच्यावरच चालवायला शिकलं होतं. निघण्यापूर्वी त्याने शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा बसवून घेतलेली क्लच आणि ब्रेकची पेडलं काढून टाकली होती, छपरावरची ड्रायव्हिंग शाळेची पाटी उतरवली होती, वरून पॉलिश मारलं होतं. एका म्हाताऱ्याने जपून वापरलेली साधी घरगुती गाडी, असं सांगायचं ठरलं होतं. ते सांगायला त्याने तोंड उघडण्यापूर्वीच स्ताइको मॅटखाली पोचला.

"छपराची भोकं बुजवलीत, पण रंग जुळला नाही," स्ताइको आता वरून बोट फिरवत होता. "आणि हा क्लच! किती पोरांनी याचा जीव खाल्ला असेल, देव जाणे. रागावू नका मास्तर, पण शिकवणीची गाडी म्हटलं की गिऱ्हाईक मागच्या मागे पळतं."

"मग एखाद्या शाळेलाच वीक."

"शाळेला पेडलं लागतात हो! परवाच एक शाळावाला येऊन गेला. पेडलं असती तर डोळे झाकून उचलली असती त्याने. कुठे आहेत ती?"

"भंगारात दिली."

स्ताइकोने कपाळावर हात मारला. मग त्याने जो भाव सांगितला, तो ऐकून मेतोदीला संताप यायला हवा होता. तो आला नाही. मेतोदी फार दमला होता. दुसऱ्यांच्या चुका पायाखाली दाबण्यात जन्म गेला, आणि स्वतः करायची वेळ आली तेव्हा ही अशी धड ना घरची ना शाळेची गाडी करून बसला.

त्याची बायको गिंका भिंतीच्या सावलीत सूर्यफुलाच्या बिया सोलत उभी होती. "विकू नकोस," असं ती एकदाच म्हणाली होती. मेतोदीची कडेची नजर गेली होती; समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. परवान्याची मुदत संपत आली होती आणि डॉक्टर पुढची सही करायला तयार नव्हता. गाडी गेली की डोंगरातलं घर, तिथली टोमॅटोची रोपं आणि तिथे एकटी राहणारी गिंकाची बहीण, सगळ्यांनाच रामराम; तिकडे बस जात नाही. खरं तर गिंकाकडे परवाना होता. लग्न नवं असताना मेतोदीनेच तिला शिकवलं होतं. पण हा शेजारी बसला की रस्त्यात कोंबडी दिसली तरी याचा पाय ब्रेकवर पडायचा. एकदा पाय असाच पडला, तेव्हा ती भर चौकात गाडीतून उतरली, ती पुन्हा कधी त्या सीटवर बसली नाही.

"घरी जाऊन विचार करा, मास्तर," स्ताइको म्हणाला. "मीही बघतो काय जमतंय ते."

मेतोदीने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली आणि कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं. ढकलगाडीवर टायर घेऊन निघालेला माणूस बंपरपासून वीतभर अंतरावर उभा होता. मेतोदीला तो दिसलाच नव्हता.

मेतोदीने गाडी जागीच बंद केली. गिंकाने बियांची पुडी पर्समध्ये टाकली आणि त्याच्या बाजूचं दार उघडलं.

"सरक."

"अगं, हमरस्ता आहे. ट्रक असतात."

"ते तुझ्यासाठीही असतातच. सरक म्हणते ना!"

फाटकापर्यंत गाडी दोनदा बंद पडली. हमरस्त्याला लागल्यावर मात्र चालू राहिली.

"आरसा बघ."

"बघितला."

"ट्रॅक्टर आहे पुढे. गिंका, ट्रॅक्टर! ब्रेक!"

त्याचा पाय मॅटवर आदळला. खाली काहीच नव्हतं, नुसता पत्रा. गिंकाने सावकाश वेग कमी केला, समोरून येणारी गाडी जाऊ दिली आणि ट्रॅक्टरला मागे टाकलं. पुढच्या चौकात तेच झालं, त्याच्या पुढच्या वळणावरही. मेतोदीच्या गुडघ्यातून कळ निघाली. सूर्यफुलांच्या शेताशी गिंकाने गाडी कडेला घेतली.

"मागे जाऊन बस."

"काय?"

"मागच्या सीटवर. तुझा पाय काही थांबायचा नाही, आणि माझा जीव थाऱ्यावर राहत नाही."

"मी मागे कधी बसलोय का?"

"मग आज बस."

परीक्षेच्या दिवशी तिथे परीक्षक बसायचा, नाहीतर आपल्या पाळीची वाट बघणारी पोरं. मेतोदी अंग चोरून बसला. पुढच्या सीटमुळे रस्ता धड दिसत नव्हता. दिसत होता तो गिंकाचा पिकलेला अंबाडा. इंजिन कण्हायला लागलं तसं 'तिसरा गिअर टाक' म्हणायला त्याने तोंड उघडलं, तोवर तिने टाकला होता. करण्यासारखं काही उरलंच नाही. पापण्या जड व्हायला लागल्या, तसा तो दचकून सावरून बसला. चालत्या गाडीत डोळा लागणं म्हणजे त्याच्या धंद्यात मरणच; इतक्या वर्षांत ते एकदाही घडलं नव्हतं.

खिशातला फोन वाजला. स्ताइको होता.

"मास्तर, थोडे वाढवून देतो. तुमचं नाही, माझं नाही, मधला भाव. बोला."

"आत्ता नको."

"गाडी चालवताय का?"

"मी नाही. बायको चालवतेय."

"मग बोला की! अडचण काय आहे?"

पुढे उतारावर लाकडांनी भरलेला ट्रक रेंगाळत होता. गिंकाने आरशात बघितलं आणि वळणाचा दिवा लावला.

"झोप येतेय रे," मेतोदी म्हणाला, आणि फोन खिशात ठेवून त्याने काचेला डोकं टेकलं.