मोठा कोण, ते मी सांगितलं नाही

इबादानच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी लागले तेव्हा हाताने तारा खुपसून माणसाला माणूस जोडून द्यायचे दिवस होते. त्या खोलीतला पितळेचा वास मला अजून येतो. पण सांगायचं आहे ते नोकरीच्या शेवटच्या वर्षाचं. तेव्हा मी सहा दवाखाने चालवणाऱ्या एका संस्थेत नेटवर्क विभागाची प्रमुख होते. प्रयोगशाळेतला प्रत्येक रिपोर्ट आमच्या खोलीतल्या दोन यंत्रांमधून जायचा. एक काम करायचं, दुसरं शेजारी बसून त्याची नाडी बघायचं. पहिलं पडलं, की दुसऱ्याने त्या क्षणी भार उचलायचा.

अशी जोडी पाहिल्यावर आम्ही योरुबा माणसं जुळ्यांच्या नावांशिवाय दुसरं काय ठेवणार? आधी बसवलं ते तायवो, मागून आलं ते केहिंदे. पट्ट्या मीच चिकटवल्या. वहीत नियमही मीच लिहिला : ‘जोडी नव्याने लावताना मोठ्याला मुख्य नेमावे. धाकटा त्याच्याकडून सगळे उतरवून घेतो.’ मोठा कोण, ते लिहिलं नाही. ते काय लिहायचं?

एबिएरे माझ्या हाताखाली दोन वर्षं होती. नदीकाठच्या येनागोआकडची, इजॉ जमातीची मुलगी, कामाला चोख, बोलायला फटकळ. कंदाच्या पिठाच्या आमच्या आमालाला ती ‘भिंतीला लावायचा गिलावा’ म्हणायची आणि दोन गोळे खायची. तिच्या पगारावर गावाकडे दोन भाऊ शिकत होते.

एका शनिवारी वीज गेली आणि परत आली ती अशी उसळून आली, की तायवो जळाला. केहिंदेने भार उचलला. कुणाला कळलंसुद्धा नाही. गोदामातलं नवं यंत्र तायवोच्या जागी, त्याचीच पट्टी लावून, बसवायला एबिएरे गेली. मी भाचीच्या लग्नात होते. ढोल टिपेला पोचलेले, माझ्या डोक्यावर नवा कोरा फेटा, आमचा ‘गेले’, बांधलेला, आणि तिचा फोन आला.

“आंटी, वहीत लिहिलंय तसं मोठ्याला मुख्य करते. बरोबर ना?”

“अगं, हो. त्यात विचारायचं काय?”

“नाही, म्हणजे मोठा हा कोरा आहे, म्हणून जरा...”

“एबिएरे, नवरानवरी नाचायला उभी राहिलीत. मोठा तो मोठाच. आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल तुला!”

मी फोन ठेवला.

आमच्यात जुळ्यांपैकी मागून येतो तो मोठा. केहिंदे आतून धाकट्याला सांगतो, तू पुढे हो, जग कसं आहे ते चाखून बघ. म्हणून तायवो आधी येतो. हे कुणी शिकवत नाही, ते असतंच. एबिएरेच्या गावी मात्र आधी जन्मेल तो मोठा. तिने कोऱ्या तायवोला मुख्य नेमलं. केहिंदेने निमूटपणे त्याचं कोरेपण उतरवून घेतलं. सहाही दवाखाने एका झटक्यात मुके झाले. जोडण्यांची जपून ठेवलेली प्रत सहा महिन्यांपूर्वीची निघाली. रविवार संध्याकाळपर्यंत रक्ताचे रिपोर्ट मोटारसायकलवरून फिरत होते. माणूस दगावलं नाही, ही देवाची कृपा.

सोमवारी संस्थेच्या प्रमुखांनी, अदेग्बेन्रो साहेबांनी, सगळ्यांना बोलावलं. वही टेबलावर उघडी होती.

“मोठ्याला मुख्य करायचं, असं लिहिलंय. वाचता येतं ना तुला?”

“मी मोठ्यालाच केलं, सर.”

“तायवो मोठा?” साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. सगळे हसले. “ऐका! नदीकाठच्या बाईसाहेब आम्हाला जुळी शिकवतायत!”

“आधी आला तो मोठा ना, सर?”

पुन्हा हशा. त्या हशात मला माझा शनिवारचा आवाज ऐकू आला.

“करण्याआधी कुणाला विचारलं होतंस?” साहेबांचा आवाज उतरला होता. नोकरी राहायची की जायची, ते या एका उत्तरावर होतं.

एबिएरेने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग ती खाली बघत राहिली. मी पेनाचं टोपण काढत-घालत होते. वर्षभराने माझा निरोपसमारंभ होता. चाळीस वर्षांत माझ्या नावावर एक चूक नव्हती.

“मग झालं तर,” साहेब म्हणाले.

मंगळवारी मी मोटारतळावर गेले. येनागोआची गाडी अजून भरत होती. ती खिडकीशी बसली होती. मला पाहून खाली उतरली आणि, त्याही दिवशी, वडीलधाऱ्यांपुढे वाकतात तशी गुडघ्यात वाकली.

“फोनचं का नाही सांगितलंस गं?” मी म्हटलं.

“मी कशी सांगणार, आंटी? इतक्या लोकांत तुम्हाला खोटं पाडू? तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.”

तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

“उद्या सांगते,” मी म्हटलं. “उद्याच जाते साहेबांकडे.”

“सांगा,” ती म्हणाली. “भावांची फी महिनाअखेरीला आहे, तोवर मी दुसरीकडे बघत नाही.”

बुधवारी साहेब मीटिंगमध्ये होते. गुरुवारी भेटले, पण खुशीत होते आणि मला धीर झाला नाही. शुक्रवारी मी रजा घेतली. सोमवारी गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. “मॅडम, तिच्या जागी परवाच माणूस घेतला. शनिवारी सही झाली.” चष्मा पुसत ते म्हणाले, “शुक्रवारी आला असतात तर...”

मी येनागोआला फोन लावला. एबिएरेनेच उचलला. “आंटी? सांगितलंत?”

“सांगितलं,” मी म्हटलं.

“मग मी कधी येऊ?”